विहिरीला वास आला ते दिवस

पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी मी तो नाकाशी नेते. सून म्हणते, आई, मशीनचं पाणी हाय, त्याला कसला वास. पण माझी मला सवय. परवा नात मोबाईल वाचत बसली होती. म्हणली, आज्जी, आता कोळशाचा गॅस करायचे मोठमोठे कारखाने निघणार हाय, कोळसा नुसता जाळण्यापेक्षा ते बरं, धूर होत नाय. मी तिला इचारलं, गॅस धुतलेलं पाणी कुठं सोडणार हाय ते? ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. गॅस धुतात हे या म्हातारीला कुठनं ठाऊक, असं तिच्या मनात आलं असणार. मोबाईलमधी वर-खाली बघून म्हणली, ते इथं लिहिलेलं नाय. मग मी तिला सगळं सांगितलं, अन् तीच म्हणली की हे लिहून काढ. मी चौथी शिकलेली बाई. अक्षर वाकडं हाय, पण माझं हाय.

माझ्या लहानपणी सातपूरला कारखाने उभे राहत होते तरी मधे मधे मळे होते. आमचा तुकडा एका कारखान्याच्या कंपाउंडाला लागून, मधे फक्त नाला. कोथिंबीर, मेथी, शेपू, कडंला झेंडू अन् शेवंती. विहीर एकच, ती आमची अन् राधाकाकूची सामाईक. राधाकाकू म्हणजे आईची चुलत जाऊ, तिचा मळा आमच्या बांधाला. तिन्हीसांजेला आई, मी अन् धाकटी इंदू ओसरीवर बसून जुड्या बांधायचो. केळीच्या सोपटाच्या दोऱ्या पाण्यात भिजत घातलेल्या असायच्या, त्यांच्या एका गाठीत जुडी पक्की व्हायची. आई सकाळच्या पहिल्या बसनं पाटी घेऊन नदीकाठच्या बाजारात जायची अन् दुपारपर्यंत रिकामी पाटी घेऊन परत. विहिरीवर इंजिन होतं, त्याची डकडक सुरू झाली की मला बरं वाटायचं. पाटात पाणी यायचं, त्याच्या पुढं पुढं वाळलेली पानं पळायची, अन् इंदू त्यांच्या मागं. आमचं पाणी गोड होतं. राधाकाकूकडं पाहुणे आले की दोन तांबे जास्त पिऊन जायचे. विहिरीच्या काठावर सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, सात दगड, शेंदूर लावलेले. आई रोज पहिल्या बादलीतलं चूळभर पाणी त्यांच्यावर शिंपडायची, मग घरात न्यायची.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. तुकड्यावर सगळ्यांचं भागत नव्हतं म्हणून ते नाल्यापल्याडच्या कारखान्यात लागले. तिथं लोखंड तापवायचे, अन् तापवायला कोळशाचा गॅस करायचे. दादांनी एकदा जेवताना समजावलं होतं. उंच लोखंडी टाकी, वरनं कोळसा टाकायचा, खालनं हवा अन् वाफ सोडायची. कोळसा पुरता पेटू द्यायचा नाय, नुसता धुमसत ठेवायचा. त्यातनं निघतो तो गॅस. दादांचं काम टाकीच्या डोक्यावर. तिथं भोकं होती, त्यातनं पुरुषभर लांब सळई घालून कोळसा ढोसत राहायचं, नायतर त्याचे गठ्ठे होतात. गॅस निघतो तो डांबरानं भरलेला, घाण असतो, म्हणून त्याला पाण्यानं धुवायचा अन् मग नळातनं भट्टीला द्यायचा. इंदू हसायला लागली. म्हणली, दादा, धूर कसा धुतात, दगडावर आपटून का? दादा पण हसले. म्हणले, तुझ्या आईला बोलावतो उद्या, तिच्यासारखं आपटणारं कोणी नाय आमच्याकडं. आईनं भाकरी उलथता उलथता इचारलं, अन् मग ते धुतलेलं पाणी कुठं टाकता? दादा म्हणले, खड्डा हाय. अन् ठेच्याला तेल मागितलं.

त्या कामात लय जीव टांगणीला असायचा. डोकं दुखायचं ते रोजचंच. पण वरच्या भोकातनं कधी असा गॅस यायचा की त्याला वासच नाय, अन् माणूस बसल्या जागी आडवा व्हायचा. एकाला दादांनीच खांद्यावर टाकून खाली आणला होता. तेव्हापासून दादांची सायकल नाल्यावरच्या फरशी पुलावर दिसत नाय तोवर आई भाकरी थापायला घ्यायची नाय. पीठ मळून त्यावर ओला फडका टाकून दारात बसायची. कारखान्याचा भोंगा झाला की मोजायला लागायची, आता कपडे घेतले असतील, आता गेटावर असतील. मी तिच्या तोंडाकडं बघून मोजायची. कारखाना माणसांना रोज गुळाचा खडा द्यायचा, छातीतली घाण सुटती म्हणून. दादा तो खायचे नाय, खिशात घालून आमच्यासाठी आणायचे. त्या गुळाला दवाखान्यात फरशी पुसतात तसला वास असायचा. तसाच वास दादांच्या शर्टाला, उशीला, सायकलच्या दांड्याला. आम्ही तो गूळ आवडीनं खायचो. आमच्या घराचं नाक त्या वासाला सरावून गेलं होतं, अन् पुढं जे झालं ते आम्हाला उशिरा कळलं त्याचं कारण हेच. आधी गाईला कळलं, मग बाजारातल्या गिऱ्हाइकाला, अन् सगळ्यात शेवटी आम्हाला.

आता माझं सांगते, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला कावळा शिवायला लागून चारच महिने झाले होते. त्या दिवसांत गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं, पाण्याला शिवायचं नाय, फुलांच्या वाफ्यात पाय टाकायचा नाय, विहिरीच्या तर सावलीला पण जायचं नाय. आईचं सगळं फार कडक. त्या दिवशी आई बाजारात, दादा कामावर, अन् इंदू तापानं फणफणलेली. पाणी पाणी करत होती. घरातला हंडा रिकामा. राधाकाकूला हाक मारली, कोणी ओ दिली नाय. मी गोठ्यातनं बघत राहिले. इंदूचे ओठ वाळून पांढरे पडले होते. मग मी उठले, विहिरीवर गेले, आसरांकडं न बघता एक बादली ओढली, इंदूला पाजलं, उरलेलं झाडाला ओतलं अन् बादली जशी होती तशी ठेवली. आई आली तेव्हा मी गोणपाटावर बसलेली होते.

त्यानंतर आठ दिवस झाले नसतील. गाईपुढं बादली ठेवली तर तिनं पाण्यावर फुंकर मारली अन् मान वर केली. आई म्हणली, माजली हाय. दुसऱ्या दिवशी पण तेच. दादा सायकल टेकवून उभे राहिले, गाईकडं बघत राहिले, अन् आत गेले. मग बाजारातनं आई चेहरा पाडून आली. एका बाईनं शिजवलेली कोथिंबिरीची वडी डब्यात घालून परत आणली होती. म्हणली होती, मावशी, हे खाऊन दाखवा, फिनेल मारता काय भाजीवर? आईनं शपथा घेतल्या. चार बाया जमल्या. दहा वर्षांची गिऱ्हाईकं शेजारच्या पाटीकडं वळली. घरी आल्यावर आईनं पाण्याचा तांब्या भरून घेतला, नाकाशी नेला, लय वेळ तसाच धरला. मग माझ्याकडं दिला. मला वास आला. 

आई म्हणली, आसरा कोपल्या. कोणीतरी इटाळात विहिरीला शिवलं हाय.

तिनं नारळ फोडला, आसरांच्या ओट्या भरल्या, शेंदूर नवा लावला. मी तिच्या मागं ताट धरून उभी. ताटातलं कुंकू सांडलं तर ती म्हणली, ऊन लागलं काय तुला. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून पाणी हुंगायची. वाटायचं, आज गेला असेल वास. जायचा नाय. कोथिंबिरीची पानं पिवळी पडायला लागली. आई अन् राधाकाकू एकमेकीशी तोडून बोलायला लागल्या. राधाकाकूच्या घरात नवी सून आली होती, चंद्रकला, पेठ तालुक्यातली, डोंगरातली. भात अन् नागली पिकवणाऱ्या घरची, बोलणं वेगळं, सतरा-अठरा वर्षांची असेल. दोन बाया भांडताना तिसरी सापडली की भांडण मिटतं, तसं झालं. राधाकाकू म्हणली, हिच्याकडं डोंगरात काही पाळत नाय, हिनंच शिवलं असणार. चंद्रकला म्हणली, मी नाय शिवले. एवढंच म्हणली. त्यावर राधाकाकू म्हणली, मग काय मी म्हातारी शिवले? बाया हसल्या. चंद्रकलेचे डोळे भरले पण ती रडली नाय. मी तिथंच जुड्या बांधत बसले होते. माझ्या हातातली सोपटाची दोरी तीनदा तुटली. बोलले नाय.

आज एवढ्या वर्षांनी वाटतं, तेव्हाच बोलले असते तर काय झालं असतं. पण आईचा हात कसा होता ते मला ठाऊक होतं, अन् मारापेक्षा जास्त भ्या याचं वाटायचं की ती मला मारणारच नाय, नुसती बघत राहील. ज्या विहिरीवर आमचं सगळं घर उभं, ती मी घालवली होती. मी ताटातली भाकरी मोडायची अन् तशीच गाईला नेऊन द्यायची.

मग कोणीतरी सांगितलं, पाणी खराब झालं असेल तर पावडर टाकायला पाहिजे. पावडर टाकणारा माणूस आला, पांढरी पूड कालवून विहिरीत ओतून गेला. आईला लय धीर आला. म्हणली, उद्या सकाळी बघ, पूर्वीसारखं होईल. सकाळी दादांनी पहिला घोट घेतला अन् अंगणात थुंकला. तो वास आधी नाकाला येत होता, आता जिभेला चिकटून बसला. पाण्यानं चूळ भरली तर वाढायचा. चहा तर सोडाच, त्या पाण्यानं धुतलेली भांडी पण तोंडाजवळ नेववत नव्हती. नात म्हणते, आज्जी, त्या गॅस धुतलेल्या पाण्यात पावडर मिसळली की असंच होतं, शाळेत शिकवलं हाय. आम्हाला कोण शिकवणार? आम्हाला वाटलं, आसरांच्या अंगावर पावडर टाकली म्हणून त्या जास्तच चिडल्या. राधाकाकूनं त्याच दिवशी पेठेला निरोप धाडला, की पोरीला घेऊन जा. विहीर सुधारली तर बघू.

चंद्रकलेचा भाऊ आला त्या दिवशी दुपारी मी दादांचा डबा घेऊन निघाले. डबा नेहमी दादाच सकाळी न्यायचे. मी आईला म्हणलं, आज गरम नेते. चंद्रकलेची कपड्यांची पेटी भरलेली मला बघवत नव्हती. नाल्याची फरशी ओलांडली, वॉचमननं हाक मारून दादांना बोलावलं. आम्ही मागच्या अंगाला, भिंतीच्या सावलीला बसलो. वर टाकीतनं फुसफुस आवाज येत होता. दादांनी भाकरीवर भाजी घेतली. मी म्हणलं,

"दादा, विहीर माझ्यामुळं बाटली."

त्यांचा घास हातात राहिला. मी सगळं सांगितलं, इंदूचा ताप, रिकामा हंडा, बादली. त्यांनी इचारलं, "कधीपासून हे पोटात घेऊन फिरती?" मी म्हणलं, आईनं नारळ फोडला त्याच्या आधीपासून. त्यांनी भाकरी परत फडक्यात गुंडाळली. उठले, म्हणले, चल. भिंतीच्या कडंनं दहा पावलं गेलो. तिथं खड्डा होता, विटांनी बांधलेला. चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी, त्यावर डांबराची साय, अन् उन्हात मोराच्या पिसासारखे रंग. खड्ड्यातनं एक पाइप निघून भिंतीखालनं नाल्याकडं गेलेला.

"वास घे," दादा म्हणले.

घ्यायची गरजच नव्हती. तो माझ्या जिभेवर बसलेलाच होता.

"हाच का?"

मी मान डोलावली.

"मग तुझा काय संबंध त्यात. खड्डा भरला की पाइपाची चावी, तो वॉल, मी खोलतो, सुमे. साहेब सांगतो, मी खोलतो. पाणी नाल्यात जातं. नाला आपल्या विहिरीला पाझरतो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गाय पाणी प्याली नाय त्या दिवशी कळलं." ते नाल्याकडं बघत होते. "बोललो असतो तर इथलं काम गेलं असतं. म्हणलं, पाऊस आला की जाईल धुऊन."

मला तेव्हा हलकं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलं नाय. माझ्या पोटात होतं ते उचलून त्यांच्या पोटात ठेवल्यासारखं झालं, अन् तिथं आधीच जागा नव्हती. मी म्हणलं, चंद्रकलेची पेटी भरून झाली हाय. दादांनी वर टाकीकडं बघितलं. शिफ्ट संपायला चार तास होते. भोंगा झाल्याशिवाय ते कधी गेटाबाहेर आलेले मी बघितले नव्हते. ते चालायला लागले. वॉचमन म्हणला, कुठं निघाला? दादा थांबले नाय. मी डबा घेऊन मागं मागं. सगळ्या वाटंनं एकच धसका, की हे आता माझं पण नाव घेतील.

विहिरीवर सगळे होते. चंद्रकला पेटीवर बसलेली, तिचा भाऊ उभा, राधाकाकू त्याला हात नाचवून काही सांगत होती. आई आसरांपाशी. दादांनी कोणाकडं न बघता अंगातला शर्ट काढला. छातीवर, बाह्यांवर डांबराचे डाग. तो त्यांनी आईच्या हातात दिला.

"वास घे ह्याचा."

 आईनं शर्ट तोंडाशी नेला. मग विहिरीतनं काढलेली बादली तिथंच होती, तिच्यावर वाकली. परत शर्ट.  आईनं शर्ट राधाकाकूला दिला. राधाकाकूनं हुंगला अन् चंद्रकलेच्या भावाकडं दिला. असा तो हातोहात फिरला, अन् दादा उघड्या अंगानं मधे उभे, माणसाची झडती घेतात तसे. मग त्यांनी खड्ड्याचं, पाइपाचं, वॉलचं सांगितलं. माझं नाव घेतलं नाय. तेव्हाही नाय अन् मरेपर्यंत नाय.

आई म्हणली, "मला वाटायचं, हा तुमचाच वास हाय."

त्यानंतर ती घरात गेली अन् त्या दिवशी बाहेर आली नाय.

हे ऐकलं की लोकांना वाटतं, दादांनी नोकरी सोडली असणार. नाय सोडली. मळा बसल्यावर घरात येणारं तेवढंच होतं. कारखान्यानं त्यांना आठ दिवस घरी बसवलं अन् परत घेतलं, कारण टाकीवर चढून सळई मारायला दुसरं कोणी तयार होत नव्हतं. वॉल खोलायला मात्र दुसरा माणूस ठेवला. पाऊस आला अन् गेला, वास धुऊन गेला नाय. अर्ज केले, कोणी येऊन बाटलीत पाणी भरून नेलं, त्याचं पुढं काय झालं कळलं नाय. आईनं भाजी बंद केली, नुसता झेंडू लावला. मग एक दिवस म्हणली, आपण तोंडात घालत नाय ते पाणी देवाच्या गळ्यात कसं घालायचं, अन् झेंडूपण बंद केला. ती दुसऱ्याच्या मळ्यात रोजानं खुरपायला जायला लागली. काही वर्षांनी कारखान्यानं ती टाकी काढून तेलाची भट्टी बसवली, पण तोवर दादांची छाती कामातनं गेली होती. विहीर बुजवली. तिच्यावर आता बिल्डिंग हाय, अन् खाली गाड्या लावतात.

चंद्रकला गेली नाय. भावाला राधाकाकूनंच जेवायला थांबवला, अन् जाताना त्याला शिधा बांधून दिला, एवढीच तिची माफी. त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज वरच्या अंगाच्या विहिरीवरनं पाणी आणायला लागलो. वीस मिनिटं जायला, भरल्या हंड्यांनी त्याहून जास्त. पहिल्याच दिवशी परत येताना, मी मागं अन् ती पुढं, ती म्हणली,

"तू बाहेर बसलेली असताना बादली ओढली, ते मी बांधावरनं बघितलं होतं."

मी थांबले. ती चालत राहिली. मला पळत जाऊन तिला गाठावं लागलं, अर्धं पाणी सांडलं. मी इचारलं, मग सांगितलं का नाय? तुलाही वाटत होतं ना, मीच घालवली म्हणून?

"वाटत होतं."

"मग?"

"मला माहेर तरी होतं," चंद्रकला म्हणली. "तुला कुठं पाठवलं असतं त्यांनी?"

तिच्या डोक्यावर दोन हंडे होते, एकावर एक, म्हणून तिला मागं वळून बघता आलं नाय. माझं तोंड तिनं बघितलं नाय ते बरं झालं.